आगीचा फेस, तित्तराचे अंडे आणि आपली विहीर

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची खरेदी आणि पीकविमा हे आजच्या बैठकीचे पहिले दोन विषय झाले. तिसरा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या आम्ही इथून पाहिल्या. विषय असा आहे : आग विझवण्याच्या फेसातली रसायने, आणि त्यांपासून रानातल्या जीवांना होणारा धोका कसा मोजायचा.

आठ्या पडणे रास्त आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीचे शेत लोळवून जातो. रोही पऱ्हाटीचे शेंडे खुडतात. पंचनाम्यासाठी वनखात्याच्या दारात चकरा माराव्या लागतात आणि जी भरपाई हाती येते ती बियाण्याच्या पिशव्यांनाही पुरत नाही. अशा कास्तकाराला 'वन्यजीवांना धोका' हे शब्द ऐकवले तर तो विचारणारच, आमच्या धोक्याचे काय?

आमचे उत्तर असे की हा हिशेब आपल्याच धोक्याचा पहिला अर्धा भाग आहे. तित्तर, बगळा, बेडूक, उंदीर यांच्या घरी नळ नाही, टँकर येत नाही. नाल्यात जे वाहत येते ते त्यांच्या पोटात पहिल्यांदा जाते. त्याच नाल्यावर आपली शेळी पाणी पिते, त्याच नाल्याचे पाणी मुरून विहिरीत येते. रानातल्या जीवाच्या शरीरात काय साचले हे ज्याने मोजले, त्याला आपल्या गोठ्यात आणि घरात काय येणार हे आधी कळते. ज्याने मोजले नाही त्याला ते डॉक्टरकडून कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

हा फेस आहे तरी काय?

आग सगळी एका जातीची नसते. कडब्याच्या गंजीला किंवा जिनिंगमधल्या रुईच्या गाठींना आग लागली तर पाणी मारून विझवतात. पेट्रोल-डिझेलच्या आगीला ते चालत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि पाणी मारले की पेटते तेल आणखी पसरते. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेचे नौदल आणि थ्री-एम ही कंपनी यांनी मिळून एक खास फेस तयार केला. त्याचे दाट द्रावण शेकडा ३ किंवा ६ या प्रमाणात पाण्यात मिसळतात. त्या फेसातून पाण्याचा पातळ पापुद्रा सुटतो, तो पेटत्या तेलावर झरझर पसरतो आणि हवा तोडतो. २९ जुलै १९६७ रोजी 'फॉरेस्टल' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर आग लागून १३४ माणसे मेली. त्यानंतर हा फेस लष्करात सर्रास आला आणि पुढे विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने, तेलाचे डेपो येथे जगभर पोचला.

या फेसाने माणसे वाचवली, हे मान्य केले पाहिजे. आग विझवू नका असे कोणीही म्हणत नाही. अडचण त्या पापुद्र्यात आहे. तो तयार होतो फ्लोरीनयुक्त रसायनांमुळे. या कुळाला पीएफएएस म्हणतात आणि त्यात हजारो रसायने येतात. जुन्या फेसात मुख्य होते पीएफओएस. कार्बन आणि फ्लोरीन यांची गाठ रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट गाठींपैकी एक आहे. आपण शेतात टाकलेला युरिया जंतू खातात, शेणखत कुजते, बहुतेक कीटकनाशके आज ना उद्या मोडतात. ही गाठ जमिनीतले जंतू सोडवू शकत नाहीत. पडले ते राहिले, किंवा पाण्याबरोबर पुढे गेले.

आणि ते पडते कधी? खरी आग क्वचित लागते. सराव मात्र नेमाने चालतो. खड्ड्यात तेल ओतून पेटवायचे, फेस मारून विझवायचे, नळ्या धुवायच्या, पाणी मोकळ्या जमिनीवर सोडायचे. जगातल्या बहुतेक दूषित विमानतळांची कथा अशा सरावाच्या मैदानांपासून सुरू होते.

काळ्या जमिनीतले एक गाव

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात डार्लिंग डाउन्स नावाचा पट्टा आहे. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, आपल्यासारखीच. पिके ज्वारी आणि कापूस, जोडीला जनावरे. ज्वारी तिथे माणसे खात नाहीत, जनावरांना घालतात, एवढाच फरक. या पट्ट्यात ओकी नावाचे छोटे शहर आहे आणि त्याला लागून लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा तळ. तिथे १९७० च्या दशकापासून हा फेस सरावासाठी वापरला गेला. रसायने जमिनीत मुरली, भूजलात उतरली आणि भूजलाबरोबर तळाच्या कुंपणाबाहेर गेली. २०१४ साली रहिवाशांना सांगण्यात आले की बोअरचे पाणी पिऊ नका.

विचार करा. ज्याच्या बोअरवर घर, परसबाग, कोंबड्या, गुरे चालतात त्याला एक दिवस पत्र येते. रसायन त्याने विकत घेतले नाही, फवारले नाही, त्याचे नावही ऐकले नव्हते. त्याच्या जमिनीचा भाव मात्र त्या दिवशी कोसळला. ओकी, विल्यमटाउन आणि कॅथरिन या तीन ठिकाणच्या लोकांनी एकत्र येऊन सरकारवर दावा केला. २०२० साली २१ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांची तडजोड झाली. पैसे मिळाले, पण भूजल अजून तेच आहे. क्वीन्सलँड सरकारने या जातीच्या फेसावर २०१६ सालीच बंदी आणली.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम दिले. काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, ती सगळे धरून ठेवते, खाली काही जात नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. ओल्या जमिनीत ते काही प्रमाणात खरे आहे. उन्हाळ्यात मात्र हातभर खोल भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते.

धोका मोजण्याचे चार प्रश्न

आता हिशेबाकडे येऊ. शास्त्रज्ञ त्यासाठी जाडजूड अहवाल लिहितात. गाभा मात्र चार प्रश्नांचा आहे.

पहिला प्रश्न : उगम कुठे आहे? फेस किती आणला, कोणत्या जातीचा, किती वर्षे वापरला, कुठे ओतला.

दुसरा प्रश्न : वाट कोणती? उतार कुठे, नाला कुठे, भूजल कोणत्या दिशेला सरकते, गाळ कुठे साचतो.

तिसरा प्रश्न : त्या वाटेवर कोण राहते आणि काय खाते? इथे फार बारकाईने पाहावे लागते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कोरड्या वाळवंटी मुलखात, हॉलोमन नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तळाचे सांडपाणी साचून तिथे तलाव झाले. कोरड्या मुलखात पाणी दिसले की पाखरे येणारच. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या २३ जाती तपासल्या, १७ रसायनांसाठी २,००० हून अधिक चाचण्या केल्या आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३ पैकी २० जाती जबर दूषित निघाल्या. यकृतात पीएफओएस सरासरी एका किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त होते. १९९४ साली गोळा करून संग्रहालयात जपून ठेवलेल्या एका प्राण्याच्या यकृतात तर एका किलोला ९७ मिलिग्रॅम निघाले. म्हणजे तीस वर्षांपूर्वी हे विष तिथे होते आणि आजही आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही ऐका. सगळे जीव सारखे दूषित नव्हते. पाणपक्षी आणि काठावरचे घरउंदीर यांच्यात एक रसायन भरपूर होते. तेच रसायन कोरड्या भागातल्या उंदरांत दहापटीने कमी होते. कोरड्या रानातली गाणारी पाखरे बरीचशी स्वच्छ निघाली. म्हणून आम्ही सरसकट घबराट पसरवत नाही. कोण कुठले पाणी पितो, कोणत्या गाळातले किडे खातो, यावर सगळे अवलंबून असते. तळ्याच्या काठावर चरणारा आणि माळावर दाणे टिपणारा यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

डीडीटी आणि एंडोसल्फान आपल्याला माहीत आहेत, ती चरबीत साचतात. पीएफओएस चरबीत साचत नाही. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि यकृतात बसते. माणसाच्या रक्तातले पीएफओएस, नवीन काही पोटात गेले नाही तरी, निम्मे व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात.

चौथा प्रश्न : पोटात किती जाते आणि किती गेले तर बाधते? गाईला आंबोण किती घालायचे हे जसे वजनावरून ठरवतो, तसाच हा हिशेब वजनावर चालतो. अमेरिकेत बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांना आणि बदकांना पीएफओएस मिसळलेले खाद्य महिनोन् महिने घालून प्रयोग झाले. लाव्याला दर किलो वजनामागे रोज ०.७७ मिलिग्रॅम या मात्रेला यकृत वाढलेले आणि पिल्ले जगण्याचे प्रमाण काहीसे घटलेले दिसले. त्याखालची सुरक्षित मात्रा त्या प्रयोगात मिळाली नाही. शिवाय दुसरी एखादी जात लाव्यापेक्षा नाजूक असू शकते. म्हणून २००५ साली शास्त्रज्ञांनी त्या आकड्याला ३६ ने भागले आणि पक्ष्यांसाठी ०.०२१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली.

आता आपल्या बांधावरचा तित्तर घेऊ. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत. तित्तराचे वजन २५० ग्रॅम. तो रोज २५ ग्रॅम किडे-दाणे खातो. त्या खाण्यात एका किलोला अर्धा मिलिग्रॅम पीएफओएस आहे. म्हणजे त्याच्या पोटात रोज ०.०१२५ मिलिग्रॅम जाते. एक किलो वजनाच्या हिशेबाने ते होते ०.०५. याला ०.०२१ ने भागा. उत्तर येते सव्वादोनच्या वर. भागाकार एकापेक्षा मोठा आला म्हणजे धोक्याची घंटा वाजली, जास्त खोलात तपासणी करा. तोच तित्तर फक्त पाचवा हिस्सा खाणे त्या जागेवरून घेत असेल आणि बाकीचे स्वच्छ रानातून, तर भागाकार अर्ध्याच्या आसपास येतो. सातवी शिकलेला आपला पोरगा हे गणित करू शकतो. अवघड आहे ते पहिला आकडा मिळवणे. किड्यात आणि गाळात किती आहे हे कोणी तपासलेच नाही तर भागायचे कशाला?

गणितात न बसणारे

हा भागाकार म्हणजे सुरुवात. त्याच्या उणिवाही माहीत पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी साहेब कागद पुढे करून 'भागाकार ०.८ आहे, निवांत झोपा' असे सांगेल.

एक, हिशेब एकेका रसायनाचा होतो. फेसात मात्र त्यांचे मिश्रण असते आणि काही रसायने जमिनीत गेल्यावर अर्धवट मोडून पीएफओएससारखी टिकाऊ रसायने तयार करतात. ज्याची चाचणी केली नाही ते अहवालात शून्य दिसते.

दोन, जुन्या रसायनावर टीका झाली की कंपन्या त्याच कुळातले आखूड साखळीचे रसायन आणतात. ते शरीरात कमी टिकते, पण पाण्यात जास्त पळते आणि झाडाच्या पानात सहज चढते.

तीन, एका वेळचा नमुना पुरत नाही. २०१८ साली मिशिगन राज्यात ऑस्कोडा गावाजवळ, जुन्या हवाई तळाच्या शेजारच्या दलदलीलगत, २० हरणे तपासली. त्यांतल्या एकाच हरणाच्या मांसात फार मोठे प्रमाण निघाले. एका किलोला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त. तरी राज्याने दलदलीपासून पाच मैलांच्या आतले हरीण खाऊ नका असा इशारा दिला. दोन-तीन हरणे तपासून थांबले असते तर ते एक कदाचित सापडलेच नसते.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे : किती जीव मेले हे मोजून धोका कळत नाही. आपल्या गिधाडांचे काय झाले ते आठवा. गावाच्या हाडकीवर बसणारी गिधाडे नव्वदच्या दशकात दिसेनाशी झाली. कोणी म्हणाले रोग, कोणी म्हणाले अन्न कमी पडले. २००४ साली सिद्ध झाले की गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करत होते. त्या वेळी काढलेल्या हिशेबानुसार १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एका जनावरात ते औषध असले तरी गिधाडांचा ऱ्हास व्हायला पुरेसे होते. २००६ साली भारताने गुरांसाठी ते बंद केले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक संपली होती. हाडकी साफ करणारे गेले आणि तिथे मोकाट कुत्री वाढली, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

फेसातली रसायने गिधाडांच्या औषधासारखी दोन दिवसांत मारत नाहीत. ती यकृतावर, रोगप्रतिकारशक्तीवर, पिल्लांच्या जगण्यावर हळूहळू काम करतात. म्हणून नाल्याकाठी मेलेले पाखरू दिसले नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, असा अर्थ काढू नका.

रानातून गोठ्यात

न्यू मेक्सिकोतच क्लोव्हिस नावाच्या शहराजवळ कॅनन हा दुसरा हवाई तळ आहे. त्याच्या शेजारच्या एका दूध उत्पादकाला २०१८ साली कळले की त्याच्या विहिरींचे पाणी फेसातल्या रसायनांनी दूषित झाले आहे. गाईंनी ते पाणी प्यायले होते, त्याच पाण्यावर चारा पिकला होता. दूध विकता येईना, गाई विकता येईनात. रोज दूध काढून ओतून द्यावे लागले. अखेरीस ३,६०० च्या आसपास गाई माराव्या लागल्या. चूक त्याची काडीमात्र नव्हती. राज्य सरकारने २०१९ साली हवाई दलावर खटला भरला.

आपल्यासाठी यातला शेतीचा धडा नीट समजून घ्या. मका, गहू, ओट यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की ही रसायने दाण्यापेक्षा पानात आणि काडात जास्त साचतात. ज्वारीच्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. दाणा बाजारात जातो, कडबा आपल्या गोठ्यात राहतो. दाणा तपासून स्वच्छ निघाला तरी कडब्याची आणि जनावराच्या पाण्याची तपासणी वेगळी करावी लागेल. तसेच परसातल्या कोंबड्यांचे. त्या माती उकरतात, किडे खातात, म्हणजे त्यांचा हिशेब तित्तराच्या फार जवळचा आहे, आणि त्यांची अंडी आपण खातो.

किती थोडे रसायन पुरते? अमेरिकेने २०२४ साली पिण्याच्या पाण्यात पीएफओएसची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग करा आणि त्यातले चार घ्या. या हिशेबाने एक ग्रॅम पीएफओएस २५ कोटी लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेते. बावीस लाख लिटरचे एक शेततळे धरले तर ती शंभरावर शेततळी झाली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे आयएस १०५०० हे मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत या रसायनांना मर्यादाच घातलेली नाही. म्हणून आपल्या विहिरीचा 'पाणी पिण्यास योग्य' असा दाखला खरा असला तरी तो या बाबतीत काहीच सांगत नाही.

आपल्याकडचे चित्र

काही जण म्हणतील, हे अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे दुखणे आहे. तसे नाही. २००१ साली जॉन गीसी आणि कुरुंथाचलम कन्नन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पीएफओएस उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलांपर्यंत पोचले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते आपल्या गंगेतल्या डॉल्फिनच्या शरीरातही सापडले. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराने पीएफओएसवर निर्बंध घातले. २०१९ साली पीएफओए आणि २०२२ साली पीएफएचएक्सएस ही त्याची भावंडे यादीत आली. भारताने २०२० साली या करारातल्या सात नव्या रसायनांना मान्यता दिली. त्या सातांत पीएफओएस नव्हते.

इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना याच कुळातली रसायने बनवत होता. त्याने मोठ्या प्रदेशाचे भूजल नासवले. २०१८ साली त्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मात्र आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुराम वसाहतीत आली. तिकडे नको झालेले इकडे येते तेव्हा काय घेऊन येते, हे विचारण्याचा हक्क कोकणातल्या शेतकऱ्याला आहे आणि आपल्यालाही.

कापूस-ज्वारीच्या मुलखातही तेलाचे डेपो आहेत, विमानतळ आहेत, औद्योगिक वसाहती आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडीसारखे मोठे डेपो आहेत. तिथे दूषण झालेच आहे असा आरोप आम्ही करत नाही. आम्ही एवढेच विचारतो : तिथे फेस कोणता, सराव कुठे होतो, धुण्याचे पाणी कुठे जाते, खालच्या नाल्यातला गाळ कधी तपासला? तपासणी करून सगळे स्वच्छ निघाले तर आम्हीच पहिल्यांदा समाधान मानू.

पर्याय नाही असेही नाही. फ्लोरीन नसलेले फेस निघाले आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने २०१२ सालापासून तसा फेस वापरला आहे. पण तोही ओढ्यात सोडायचा नसतो. कोणताही फेस कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे मरतात. फरक एवढाच की ते नुकसान पुढच्या पावसाळ्यात भरून येऊ शकते, पीएफओएसचे येत नाही.

करायचे काय?

पहिले काम माहितीचे. आपल्या शिवारापासून पाच-सात किलोमीटरमध्ये डेपो, विमानतळ किंवा रासायनिक कारखाना असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. विचारायचे चार मुद्दे : फेसाचे नाव आणि जात, वर्षाला किती वापरला, सरावाची जागा, सांडपाण्याची वाट. कारखाना खाजगी असेल तर हाच अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा.

दुसरे काम नोंदीचे. नाल्याचा वरचा आणि खालचा भाग ठरवा. बेडूक, मासे, पाणकोंबड्या, तित्तराची घरटी, पिल्ले यांची दर महिन्याला नोंद ठेवा. वरच्या आणि खालच्या भागातला फरक हा पुरावा होऊ शकतो, आणि तो लिहून ठेवणारा आपल्याहून चांगला माणूस कुठल्या संस्थेकडे नाही. मेलेले पाखरू किंवा जनावर उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. तारीख, जागा, फोटो घ्या आणि वनरक्षकाला लेखी कळवा.

तिसरे काम तपासणीचे. ही चाचणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत होत नाही, महागही आहे. म्हणून मागणी अशी करायची की खर्च फेस वापरणाऱ्याने द्यावा आणि नमुना दोघांच्या समक्ष घ्यावा. बाटली पॉलिप्रोपिलीनची असावी. टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण चालत नाही, कारण ते याच कुळातले आहे. पाण्याबरोबर गाळ, कडबा आणि अंडी यांचे नमुने मागा. फक्त पाणी तपासून सुटका होऊ देऊ नका.

चौथे काम कायद्याचे. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात दूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व लिहिलेले आहे. भरपाईचा अर्ज साधारणपणे कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. इतर तक्रारींना मुदत सहा महिन्यांची आहे. आपल्या भागासाठी खंडपीठ पुण्याला आहे. आपल्या नोंदवहीतल्या तारखा इथे कामी येतील.

भावांनो, रानडुकराने केलेल्या नुकसानीचा लढा आपण सोडणार नाही, तो चालूच राहील. पण डुकराने खाल्लेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे करता येते. नासलेले भूजल आपल्या नातवाच्या हयातीतही नीट होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून आजच्या बैठकीपुढे आम्ही एवढाच ठराव ठेवतो : जिथे हा फेस साठवला किंवा वापरला जातो, तिथे खालच्या शिवारातले पाणी, गाळ, चारा आणि रानातले जीव यांची तपासणी वापरणाऱ्याच्या खर्चाने व्हावी आणि निकाल ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा.

नोंदवहीचा नमुना तालुका प्रतिनिधींकडे दिला आहे. पुढच्या बैठकीला येताना निदान एका नाल्याची तीन महिन्यांची नोंद प्रत्येक तालुक्याने भरून आणावी.